आयकॉनमागचा पांढरा चौकोन जात नाही? क्रमाने काय तपासायचं

दुकानाचा, क्लासचा, मंडळाचा नाहीतर सोसायटीचा लोगो विंडोजच्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला किंवा फोल्डरला लावला, आणि खालीलपैकी काहीतरी दिसतंय:

– लोगोमागे पांढरा चौकोन.
– पांढऱ्याऐवजी काळा चौकोन.
– लोगोमागे करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी.
– बॅकग्राउंड गेलंय, पण कडेने पांढरट किनार राहिलीय. गडद वॉलपेपरवर ती जास्तच उठून दिसते.
– मोठा आयकॉन नीट दिसतो, लहान केला की काळा डबा किंवा करवतीसारख्या कडा.
– आयकॉन बदलला तरी जुनाच दिसतो.
– चार दिवस ठीक होता, मग एकदम गायब. त्याच्या जागी कोरा कागद.
– लोगो ठीक आहे, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात काळा चौकोनी ठिपका.

पुण्यात नारायण पेठेत डीटीपीची कामं करता करता आजूबाजूच्या दुकानांचे आणि ऑफिसांचे कॉम्प्युटर बघणं माझ्या गळ्यात पडलं, आणि त्यात ही तक्रार इतक्या वेळा येते की आता फोनवर ऐकूनच अंदाज येतो. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने तर विचारू नका. प्रत्येक मंडळाला वर्गणीच्या हिशेबाच्या फोल्डरवर आपलाच गणपती हवा असतो.

पहिली चार लक्षणं असतील तर बहुतेक लोक एकच गोष्ट करतात: आयकॉन पुन्हा बनवतात. दुसऱ्या वेबसाइटवरून, तिसऱ्या सॉफ्टवेअरमधून. चौकोन तसाच राहतो, कारण दोष आयकॉन बनवण्यात नसतोच. लोगो प्रेसकडून मालकाकडे येतो, तिथून व्हॉट्सॲपवर, तिथून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, मग पेंटमध्ये, मग कन्व्हर्टरमध्ये. या वाटेत कुठेतरी पारदर्शकता सांडलेली असते. ती कुठे सांडली ते शोधायचं आणि तिथूनच पुढे काम करायचं. त्याआधी केलेला प्रत्येक नवा आयकॉन फुकट.

कारण थोडक्यात असं. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे ठिपक्याला, लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. पारदर्शकतेसाठी चौथा आकडा लागतो, त्याला अल्फा म्हणतात. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, मधले आकडे म्हणजे अर्धवट. जेपीजी फाइलमध्ये या चौथ्या आकड्याला जागाच नाही. पीएनजीत आहे. जीआयएफमध्ये फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच, मधलं काही नाही. विंडोजच्या आयसीओ फाइलमध्येही, म्हणजे आयकॉनच्या फाइलमध्ये, एके काळी तसंच होतं. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून आयकॉनमध्ये पूर्ण अल्फा चालायला लागला, आणि व्हिस्टापासून २५६ बाय २५६ पिक्सेलचं चित्र पीएनजी रूपात आयसीओच्या पोटात ठेवता येतं. हे लक्षात असलं की पुढच्या तपासण्या का करायच्या ते आपोआप कळतं.

आधी रीसायकल बिनकडे बघा

एक मिनिटाचं काम आहे आणि एक पैसा लागत नाही. तुमच्या आयकॉनसारखाच डबा रीसायकल बिनमागेही दिसतोय का? बाकीच्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनमागेही? तसं असेल तर तुमच्या लोगोत काही बिघाड नाही, त्याला हात लावू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर गंडलेला असू शकतो. दुसरी शक्यता म्हणजे तुम्ही रिमोट डेस्कटॉपवरून सर्व्हरवर काम करताय आणि तिथे रंगांची पातळी खाली ठेवलेली आहे. सीएंच्या ऑफिसात हे हमखास सापडतं. रिमोट डेस्कटॉप जोडण्याआधी त्याच्या डिस्प्ले टॅबमध्ये रंगांची पातळी ३२ बिटवर न्या आणि परत जोडून बघा.

फक्त तुमचाच आयकॉन बिघडलेला असेल, तर वॉलपेपर काढून साधा रंग लावा. पर्सनलायझेशनमध्ये बॅकग्राउंडला सॉलिड कलर निवडायचा. आधी गडद निळा, मग भडक हिरवा किंवा जांभळा. डोळ्यांना त्रास होईल असाच घ्या. पांढऱ्या भिंतीच्या फोटोवर पांढरा चौकोन लपतो, आणि फोल्डरच्या पांढऱ्या खिडकीतही लपतो, म्हणून लोक 'फोल्डरमध्ये तर नीट दिसतो' म्हणतात. भडक रंगावर कळतं की चौकोन पूर्ण आहे, की नुसती किनार आहे, की आतलं अक्षर भरलेलं राहिलंय. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

आयकॉनवर माउस नेला किंवा क्लिक केलं की मागे फिकट चौकट येते, ती विंडोजची स्वतःची. तिला दोष समजून कामाला लागलेले लोक मी पाहिलेत. शॉर्टकटच्या कोपऱ्यातला छोटा बाणही तसाच, तो दोष नव्हे.

आयसीओ फाइलचं नाव बदला

हे चित्राला हात लावण्याआधी करायचं. विंडोज प्रत्येक आयकॉन दर वेळी फाइल उघडून वाचत बसत नाही. एकदा वाचलेलं चित्र ते आपल्या साठ्यात ठेवतं, त्याला आयकॉन कॅश म्हणतात. तुम्ही त्याच जागी, त्याच नावाने नवी दुरुस्त फाइल ठेवलीत तरी विंडोज कित्येकदा साठ्यातलं जुनं चित्रच दाखवतं. माणूस मग एकामागून एक दुरुस्त्या करत राहतो आणि प्रत्येक वेळी पहिलाच आयकॉन बघत राहतो.

उपाय सोपा. 'लोगो' नावाची फाइल असेल तर तिचं 'लोगो-२' करा, आणि शॉर्टकटला नव्याने लावा: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन, ब्राउज. नाव वेगळं म्हटल्यावर विंडोजला फाइल नव्याने वाचावीच लागते. पुढच्या प्रत्येक प्रयोगातही आकडा वाढवत जा, म्हणजे आपण नक्की कोणता आयकॉन बघतोय यात घोळ होणार नाही. एवढ्याने नाही बदललं तर साइन आउट करून परत या. कॅशच्या फाइली हाताने पुसायचे नुस्खे इंटरनेटवर भरपूर आहेत. एक्सप्लोरर चालू असताना त्या पुसल्या जात नाहीत, म्हणून मग कमांडचा खेळ सुरू होतो. नाव बदलून भागतं तिथे तो उपद्व्याप कशाला?

फाइल खरी कोणती आहे?

फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत फाइलनावाचं शेपूट (शेवटचं .png, .jpg, .ico) दाखवायची सोय आहे, ती चालू करा. ती बंद असते म्हणून 'लोगो पीएनजी' असं नाव असलेली फाइल प्रत्यक्षात जेपीजी निघते. शेपूट खोडून जेपीजीचं पीएनजी किंवा आयसीओ लिहिलं तर फाइल आतून बदलत नाही. पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नसतो, हे पुण्यात तरी सांगायला लागू नये.

आता व्हॉट्सॲप. माझ्याकडे येणाऱ्या पांढऱ्या चौकोनांचा मोठा हिस्सा इथून येतो. प्रेसवाल्याने पीएनजी नीट पाठवलेली असते, पण फोटो म्हणून. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप दाबून जेपीजी करतं. चौथा आकडा तिथेच गेला, आणि पारदर्शक जागा पांढरी किंवा काळी झाली. त्यानंतर तुम्ही कितीही चांगला कन्व्हर्टर वापरा, त्याच्या हातात पांढरा रंगच आहे. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. म्हणून बॅकग्राउंड काढायला बसण्याआधी एक फोन करा: 'तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून परत पाठवा.' अर्ध्या वेळा काम इथेच संपतं.

कोथरूडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न होता, 'अहो, मोबाइलवर तर आमचा लोगो गोल दिसतो, मग कॉम्प्युटरवर चौकोनी का?' मोबाइलवर तो डीपी म्हणून लावलेला होता. डीपीची गोल चकती ॲप स्वतः कापून दाखवतं, मूळ फाइल चौकोनीच असते आणि कोपरे पांढरे असतात. प्रश्न अगदी रास्त होता. डीपीवरून उचललेला लोगो आयकॉनसाठी घेऊ नका, तो लहान आणि दाबलेलाही असतो.

चौकटी खऱ्या की छापलेल्या?

गूगलवर शोधून 'ट्रान्स्परंट' लिहिलेलं चित्र उतरवलं आणि डेस्कटॉपवर करड्या-पांढऱ्या चौकटींसकट आलं, तर ते चित्र नकली आहे. चौकटी ही पारदर्शक जागा दाखवायची सॉफ्टवेअरची खूण. कुणीतरी त्या खुणेसकट चित्र सपाट करून ठेवलेलं असतं.

ओळखायला चित्र गिंपमध्ये उघडा. गिंप हे चित्रं दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, या लेखातली बहुतेक कामं त्यात होतात. आता झूम करा. खऱ्या पारदर्शकतेच्या चौकटी पडद्यावर तेवढ्याच आकाराच्या राहतात, लोगो मोठा झाला तरी त्या मोठ्या होत नाहीत. लोगोबरोबर चौकटीही फुगल्या तर त्या छापलेल्या आहेत. अशा चित्रातल्या चौकटी पुसत बसण्यात अर्थ नाही. दोन रंग, त्यात जेपीजीचे डाग. दुसरं चित्र शोधा.

पेंटमध्ये उघडली होती का?

'नुसती कडा कापायला' पेंटमध्ये उघडली होती, असं उत्तर येतं. जुन्या पेंटला अल्फा कळतच नाही. पारदर्शक पीएनजी उघडून सेव्ह केली की रिकामी जागा पांढरी होऊन बसते. त्यात 'ट्रान्स्परंट सिलेक्शन' नावाची खूण आहे, तिने लोकांना वर्षानुवर्षं चकवलंय. ती फक्त एक तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवताना पांढरा भाग सोडून देते. सेव्ह होणाऱ्या फाइलशी तिचा संबंध नाही. विंडोज ११ च्या पेंटमध्ये मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये लेयर (चित्राचे एकावर एक थर) आणि खरी पारदर्शकता आणली, त्यामुळे नवं पेंट असेल तर चालतं. पण पेठेतल्या दुकानांत अजून विंडोज ७ सुद्धा सुखाने नांदतंय, तेव्हा कोणतं पेंट आहे ते बघून घ्या.

मूळ फाइल मिळते का ते बघा

बॅकग्राउंड काढण्याआधी हे विचारा, कारण मूळ फाइल मिळाली तर काढावं काही लागत नाही. पाटी, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक छापलेलं असेल तर लोगो कुठल्यातरी प्रेसकडे कोरल ड्रॉमध्ये, म्हणजे छपाईवाल्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, नक्की पडलेला असतो. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्याने काम केलंय त्याच्याकडे जुन्या फाइली असतात, जरा गोड बोलावं लागतं. तिथूनच पीएनजी काढून मागा, एक्सपोर्ट करताना पारदर्शक पार्श्वभूमीची खूण करून, आणि आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगात. छपाईची फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांत असते आणि पीएनजीत ते रंग बसत नाहीत. रूपांतर होताना केशरीचा विटकरी झाला तर मालक ओरडतो.

एवढं करूनही पांढरा चौकोन आला तर कोरलमध्ये वायरफ्रेम व्ह्यू (रंग न दाखवता नुसत्या रेषा दाखवणारा) लावून बघायला सांगा. लोगोमागे पांढऱ्या रंगाने भरलेला, बाह्यरेषा नसलेला एक आयत सापडतो. पांढऱ्या कागदावर छापताना तो कधी दिसला नाही, त्यामुळे कुणी पुसलाही नाही. तो पुसला की झालं.

बॅकग्राउंड काढायचंच असेल तर

इथे वेळ लागतो, म्हणून ही तपासणी इतक्या खाली. गिंपमध्ये चित्र उघडल्यावर आधी लेयरच्या यादीत त्याचं नाव बघा. नाव ठळक अक्षरांत असेल तर त्या लेयरला अल्फा नाही. अशा वेळी पांढरा भाग निवडून डिलीट केला तर तिथे बॅकग्राउंडचा रंग भरला जातो. तो सहसा पांढराच असतो, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. 'डिलीट केलं तरी काही होत नाही' ही तक्रार म्हणजे नेमकं हेच. लेयर मेन्यूत ट्रान्स्परन्सीखाली 'ॲड अल्फा चॅनेल' करा, मग डिलीट करा. चौकटी दिसायला लागतील, आणि या चौकटी खऱ्या.

निवडायची दोन हत्यारं आहेत. 'फझी सिलेक्ट' एकमेकाला चिकटलेला सारखा रंग निवडतं, 'सिलेक्ट बाय कलर' सगळ्या चित्रातला तो रंग निवडतं. रोमन लिपीतल्या लोगोवर शिकवणारे व्हिडिओ पहिलं हत्यार चालवून पुढे जातात. आपल्या अक्षरांत तेवढ्याने भागत नाही. 'व', 'ब', 'क', 'ठ', 'ळ' यांच्या पोटात बंद जागा आहेत. बाहेरचा पांढरा भाग निवडताना त्या आतल्या गाठी सुटून जातात, आणि निळ्या वॉलपेपरवर अक्षरांची पोटं पांढरी चमकतात. 'वैभव' नावाच्या दुकानाचा लोगो केलात तर दोन्ही 'व'मध्ये हे दिसेल. मग 'सिलेक्ट बाय कलर' वापरावं, तर गणपतीचा दात, पांढरं उपरणं, मोदक हे सगळंच गायब होतं. नियम असा ठेवा: लोगोत मुळात पांढरा रंग नसेल तर रंगावरून निवडा. पांढरा रंग चित्राचा भाग असेल तर फझी सिलेक्ट घ्या आणि शिफ्ट दाबून प्रत्येक अक्षराच्या पोटात एकेक क्लिक करा. कंटाळवाणं आहे, पण पाच-सहा अक्षरांचा तर प्रश्न असतो.

आता किनार. लोगोची कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे पिक्सेल अर्धे लोगोच्या रंगाचे आणि अर्धे बॅकग्राउंडचे केलेले असतात. मूळ बॅकग्राउंड पांढरं होतं, म्हणून लाल लोगोच्या कडेला गुलाबी पिक्सेलांची एक ओळ आहे. तुम्ही पांढरा काढलात, गुलाबी राहिला. पांढऱ्यावर तो दिसत नव्हता, आता काळ्या वॉलपेपरवर लोगोला ट्यूबलाइट लावल्यासारखा दिसतो. डिलीट करण्याआधी सिलेक्ट मेन्यूतून निवड एक पिक्सेलने वाढवा, की ती ओळ सोबतच जाते. दोन पिक्सेल वाढवाल तर बारीक मात्रा आणि अनुस्वार खाल्ले जातील, तेव्हा एकच. चित्र मोठं असताना हे करा, निदान हजार-बाराशे पिक्सेलचं. लहान केल्यावर उरलेली किनारही विरून जाते. ४८ पिक्सेलच्या आयकॉनवर थेट कात्री चालवली तर एक पिक्सेल म्हणजे अख्खी वेलांटी.

लोगो एकाच गडद रंगाचा असेल, समजा नुसता निळा, तर कलर्स मेन्यूतलं 'कलर टू अल्फा' घ्या आणि पांढरा रंग निवडा. हे हत्यार कडेच्या फिकट पिक्सेलमधला पांढरा हिस्सा काढून उरलेल्याला अर्धपारदर्शक निळा करतं, किनार राहतच नाही. पण बहुरंगी चित्रावर ते चालवू नका. पिवळ्या-केशरीतला पांढराही ते ओढून काढतं, आणि गणपती भुतासारखा आरपार दिसायला लागतो.

आयसीओ बनवताना

पहिलं, चित्र चौरस हवं. आडवा लोगो असेल तर काही कन्व्हर्टर तो दाबून चौरस करतात, काही वर-खाली पांढऱ्या पट्ट्या भरतात. आणि आपण म्हणतो, पीएनजी तर पारदर्शक होती! गिंपमध्ये कॅनव्हासचा आकार आधी चौरस करा, वाढलेली जागा पारदर्शक राहू द्या.

दुसरं, एका आयसीओ फाइलमध्ये अनेक आकारांची चित्रं असतात आणि विंडोज जागेप्रमाणे त्यातलं एक उचलतं. १६, २४, ३२, ४८, ६४ आणि २५६ एवढे ठेवा. डेस्कटॉपवर मध्यम आयकॉनला साधारण ४८ लागतो, फाइलींच्या यादीत १६. पडद्याची स्केलिंग सव्वापट, दीडपट असेल तर मधले आकार लागतात, ते विंडोज जवळच्यावरून बनवतं. एकच २५६ चा आकार ठेवला तर लहान ठिकाणी लोगो धुरकट होतो. आणि कन्व्हर्टरने लहान आकार जुन्या ८ बिट किंवा ४ बिट (कमी रंगांच्या, अल्फा नसलेल्या) पद्धतीने टाकले असतील तर मोठा आयकॉन सुंदर आणि लहान मात्र दातेरी किंवा काळा. पाचवं लक्षण होतं ना, ते हेच.

गिंपमध्ये प्रत्येक आकार वेगळ्या लेयरवर ठेवायचा आणि फाइल मेन्यूतून एक्सपोर्ट करताना शेपूट आयसीओ द्यायचं. प्रत्येक लेयरसमोर बिटचा पर्याय येतो. सगळीकडे ३२ बिट, ८ बिट अल्फा निवडा. २५६ च्या समोर कॉम्प्रेस्डची खूण करा, बाकीच्यांना नको. जुन्या सॉफ्टवेअरना आतली पीएनजी वाचता येत नाही आणि ती लहान आकारच मागतात.

१६ पिक्सेलबद्दल एक सांगतो. सोळा ओळींच्या उंचीत शिरोरेखेला एक ओळ, मात्रेला दोन-तीन, उकाराला दोन-तीन. अक्षराला उरतं काय? दुकानाचं पूर्ण नाव तिथे वाचता येणं शक्य नाही. मालक कितीही म्हणोत. लहान आकारांसाठी नावाचं पहिलं अक्षर किंवा लोगोतली एकच खूण घ्या, तीही झूम करून हाताने नीट करा. पगडी, समई, पान, काय असेल ते.

ऑनलाइन कन्व्हर्टर वापरायला हरकत नाही, पण जो कन्व्हर्टर चित्राऐवजी इन्स्टॉलर उतरवायला लावतो तो बंद करा. सोसायटीचा शिक्का किंवा कुणाची सही असलेलं चित्र तर अशा साइटवर चढवूच नका.

लावल्यावर गायब होत असेल

आयकॉन कुठे ठेवलात? शॉर्टकट चित्र आपल्यात सामावून घेत नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवतो. फाइल डाउनलोड्समध्ये होती आणि कुणीतरी साफसफाई केली, किंवा ती पेनड्राइव्हवर होती, तर पत्त्यावर कुणीच नाही. कोरा कागद दिसतो तो त्यामुळे. सी ड्राइव्हवर आयकॉन नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, आणि ते हलवू नका. ऑफिसात चार कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकावर त्याच पत्त्यावर ठेवा.

कोपऱ्यातला काळा ठिपका

हा वेगळाच प्रकार. शॉर्टकटचा बाण नको म्हणून कुणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, बदल करून बाणाच्या जागी कोरा आयकॉन लावलेला असतो. त्या कोऱ्या आयकॉनची फाइल गेली, किंवा तिच्यातच अल्फा नव्हता, की सगळ्या शॉर्टकटच्या कोपऱ्यात काळा चौकोन येतो. कधी कधी तो अख्ख्या आयकॉनवर पसरतो. ओळख सोपी: फक्त शॉर्टकटवर असतो, साध्या फाइली-फोल्डरवर नसतो. तुमच्या लोगोत काही करून हा जाणार नाही. तो रजिस्ट्रीतला बदल उलटवावा लागतो, आणि ते ज्याने केलं त्यालाच करायला लावा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रजिस्ट्री उघडायची वेळ आली आणि तिथे काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर थांबा. बाण दिसला म्हणून दुकान बंद पडत नाही, चुकीची नोंद पुसली तर बिलिंग बंद पडू शकतं.

सगळेच आयकॉन बिघडलेत, ड्रायव्हर नव्याने टाकूनही फरक नाही, किंवा आयकॉन सोडून पडद्यावर इतरत्रही काळे ठिगळ किंवा रेघा दिसतायत, तर हार्डवेअर बघणाऱ्याला दाखवा. ऑफिसचं मशीन कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यात असेल आणि चेंज आयकॉन चालतच नसेल, तर त्यांनाच सांगा. ती अडचण नाही, बंदी आहे.

लोगो फक्त छापील कार्डावर उरलाय, किंवा मूर्तीच्या फोटोतून हार, मोरपीस, केस यांसकट बॅकग्राउंड काढायचंय, तर स्वतः रात्र घालवू नका. आपोआप बॅकग्राउंड काढणाऱ्या साइट मोरपिसाचे तंतू सपाट कापतात आणि हारातल्या फुलांमधली भिंत तशीच ठेवतात. हे काम चांगल्या डीटीपीवाल्याला किंवा डिझायनरला द्या, आणि लोगो नव्याने व्हेक्टरमध्ये (कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या रेषांत) काढून घ्या. देताना तीन गोष्टी मागून ठेवा: मूळ कोरल किंवा एसव्हीजी (व्हेक्टरचाच एक प्रकार) फाइल, हजार पिक्सेलपेक्षा मोठी पारदर्शक पीएनजी, आणि सगळे आकार असलेली आयसीओ. तिन्ही ईमेलवर घ्या. व्हॉट्सॲपवरच घ्यायच्या असतील तर डॉक्युमेंट म्हणून.